अडीचशेचा मान

टेनिसच्या 'एटीपी २५०' स्पर्धेच्या नावातले २५० म्हणजे काय, याची आमच्या लोणावळ्याच्या तुंगार्लीत अनेक उत्तरं मिळतात. आमच्या ओळीतल्या बंगल्यांची राखण करणाऱ्या दादांना वाटायचं, ते तिकीट असणार. अडीचशे रुपयांत परदेशी खेळाडू बघायला मिळत असतील, तर भुशी धरणाच्या रस्त्यावरचा कणसाचा भाव बघता सौदा वाईट नाही, असंही त्यांचं मत होतं. संध्याकाळी तुंगार्ली धरणाच्या चढाला आमच्याबरोबर एक निवृत्त बँक अधिकारी असतात. त्यांना सगळे बँकवाले काका म्हणतात. त्यांचा अंदाज असा की, स्पर्धेत अडीचशे खेळाडू घेत असावेत. शेवटी सुट्टीला आलेल्या एका सातवीतल्या मुलानं मोबाइलमधून डोकं वर न काढता खुलासा केला, "काका, जिंकणाऱ्याला अडीचशे पॉइंट्स मिळतात."

काका चढावरच थांबले. "म्हणजे पेपर किती मार्कांचा, ते परीक्षेच्या नावातच?"

हो, नावातच. टेनिसवाल्यांचा हा रोखठोकपणा मराठी माणसाच्या पचनी पडत नाही. आपल्याकडे मान असतो, पण तो आकड्यात सांगायचा नसतो. लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कितव्या ओळीत, व्यासपीठावर कोणाला सोफा आणि कोणाला प्लॅस्टिकची खुर्ची, कोणाला शाल-श्रीफळ आणि कोणाला नुसताच गुलाब, यावरून ज्याचं त्यानं ओळखायचं आणि घरी जाऊन रुसायचं. टेनिसमध्ये रुसायला जागाच ठेवलेली नाही. ग्रँड स्लॅम जिंकली की २००० गुण. वर्षाअखेरची एटीपी फायनल्स एकही सामना न हरता जिंकली की १५००. मग मास्टर्स १०००, मग ५००, मग आपले २५०. त्याच्या खाली चॅलेंजर, आणि त्यांतही १७५ पासून ५० पर्यंत पायऱ्या. आणखी खाली उतरलं की आयटीएफच्या स्पर्धा. तिथे आठवडाभर घाम गाळून विजेत्याच्या पदरात १५ किंवा २५ गुण पडतात.

इतकं लख्ख लिहून ठेवल्यावर मानाचा प्रश्न कायमचा मिटायला हवा होता. पण भांडण सुरू होतं ते इथूनच.

मावळात हे समजावून द्यायला टेनिसची गरज नाही, कुस्ती पुरते. जत्रेला फड लागतो. दुपारी पोरासोरांच्या नारळ-रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग शंभर, पाचशे, हजार असं इनाम चढत जातं आणि दिवेलागणीला शेवटची मानाची कुस्ती लागते. प्रत्येक कुस्तीचं इनाम पुकारलं जातं, म्हणजे एटीपीनं काही नवीन शोध लावलेला नाही. पण पुढे वर्षभर पारावर बोललं जातं ते कुठल्या कुस्तीबद्दल? नामांकित तालमीच्या पैलवानाला ज्या नवख्या पोरानं आस्मान दाखवलं, तिच्याबद्दल. मग ती दुपारी तीनच्या उन्हात, दोनशे रुपयांवर का लागलेली असेना. शेवटच्या कुस्तीत दोन नावाजलेले गडी अर्धा तास एकमेकांच्या माना धरून उभे राहतात आणि पंच बरोबरीत सोडवतात. इनाम मोठं, चर्चा शून्य.

वरच्या किताबांचंही तसंच. भूगोलाच्या पुस्तकात हिंद मोठा आणि महाराष्ट्र त्यातलं एक राज्य. म्हणून हिंदकेसरी वरचा आणि महाराष्ट्र केसरी त्याच्या खालचा, असं कोणी परगावचा माणूस समजला तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्यानं ते आमच्याकडच्या एखाद्या तालमीत मोठ्यानं म्हणू नये. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून भरते आहे, आणि तिची चांदीची गदा ज्याच्या खांद्यावर एकदा चढली त्याच्या नावामागे 'माजी' लावायची हिंमत एकाही फ्लेक्सवाल्याला होत नाही. राष्ट्रीय स्पर्धेतलं सुवर्ण बैठकीच्या खोलीत राहतं, गदा गावभर मिरवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर एका संघटनेनं फुलगावला आणि दुसरीनं धाराशिवला, अशा दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या आणि एकाच महिन्यात दोन मानकरी निघाले. टेनिसवाल्यांनी यावर हसू नये. १९७७ साली ऑस्ट्रेलियन ओपनही दोनदा झाली होती, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात. एक रॉस्को टॅनरनं जिंकली, दुसरी व्हिटास गेरुलायटिसनं.

पुण्यात अडीचशेवाली स्पर्धा आली ती २०१८ साली. त्याआधी ती चेन्नईत भरायची. चेन्नईकर हळहळले, आणि पुणेकरांनी मुळात चेन्नईला ती दिलीच कशाला, असा चेहरा केला. ठिकाण म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. तुंगार्लीहून द्रुतगती मार्गानं तासाभराचं अंतर. हे अर्थात सोम ते शुक्र. शनिवार-रविवारी तासाभरात आम्ही वलवणही ओलांडत नाही.

पहिल्या वर्षी जील सिमाँ जिंकला आणि केव्हिन अँडरसन हरला. दुसऱ्या वर्षी अँडरसन पुन्हा आला, पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि समोर इव्हो कार्लोविच. एक ६ फूट ८ इंच, दुसरा ६ फूट ११ इंच. तिन्ही सेट टायब्रेकरला गेले. सर्व्हिसचा चेंडू निघायचा तो थेट पलीकडच्या पडद्यावर आदळायचा आणि मध्ये टेनिस असं फारसं काही घडायचं नाही. पण अँडरसन जिंकला आणि त्यानं केलेला आनंद खरा होता. हा माणूस सहा महिन्यांपूर्वी विम्बल्डनची अंतिम फेरी खेळून आलेला.

त्यावरून काकांनी चढावर प्रश्न टाकला. विम्बल्डनला उपविजेत्याला तेव्हा १२०० गुण होते आणि पुण्याच्या विजेत्याला २५०. म्हणजे विम्बल्डनची एक हार पुण्याच्या जवळजवळ पाच विजयांच्या भावात. "बोला, काय घ्याल?" काकांचा कल १२०० कडे. चाळीस वर्षं व्याजाचे दर बघितलेला माणूस, त्याला मुद्दल दिसतं. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं मात्र एका वाक्यात विषय संपवला, "अहो, उपविजेत्याचा चषक पाहुण्यांना दाखवताना आधी गोष्ट सांगावी लागते."

याच अडीचशेनं २०२३ मध्ये आणखी एक गंमत केली. टॅलन ग्रीक्सपूर हा नेदरलँड्सचा खेळाडू. २०२१ या एका वर्षात त्यानं आठ चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या. हा विक्रम होता. आठ वेळा चषक उचलला, आठ वेळा फोटो काढला. पण एटीपीच्या दप्तरात त्याच्या नावावर टूरची विजेतेपदं किती? शून्य. चॅलेंजर त्या रकान्यात धरतच नाहीत. मग जानेवारी २०२३ मध्ये तो बालेवाडीला आला, अंतिम सामन्यात बेंजामिन बोंझीविरुद्ध पहिला सेट गमावला, पुढचे दोन घेतले आणि सगळीकडे छापून आलं : ग्रीक्सपूरचं पहिलं विजेतेपद. बारा गावच्या जत्रा मारलेल्या पैलवानाला गदा मिळाल्यावर लोकांनी विचारावं, 'कुस्ती कधी सुरू केलीत?' त्यातला प्रकार. माझं स्पष्ट मत आहे की त्या आठांची बेरीज या एकापेक्षा अवघड होती. पण ग्रीक्सपूरला विचारलं तर तो पुण्याचंच नाव घेईल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

दुहेरीचं दुखणं वेगळंच. रोहन बोपण्णानं बालेवाडीला दोनदा दुहेरी जिंकली, २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर. गुण एकेरीइतकेच, २५०. पण दुसऱ्या दिवशी 'पुण्यात कोण जिंकलं?' या प्रश्नाला लोक एकेरीवाल्याचं नाव सांगतात. परदेशी नाव धड उच्चारता येत नसलं तरी तेच सांगतात. लिअँडर पेसकडे ग्रँड स्लॅमची १८ विजेतेपदं, सगळी दुहेरीची आणि मिश्र दुहेरीची. एकेरीत टूरचं एकच, १९९८ सालचं न्यूपोर्ट. आणि हिंदुस्थानात त्याला ओळखतात कशावरून? १९९६ ला अटलांटात तिसरा आला त्यावरून. ते ब्राँझ एवढं का तोललं गेलं, हे समजायला पुन्हा आखाड्यातच यावं लागतं. १९५२ ला हेलसिंकीत आमच्या कराडकडच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. त्यानंतर देशाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट ४४ वर्षांनी, या मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या मुलाला. अठरा चषक एका पारड्यात आणि ४४ वर्षांची वाट दुसऱ्यात. पारडं कुठे झुकणार ते उघड आहे. आपल्या ऋतुजा भोसलेनं २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. जागतिक क्रमवारीत त्याची किंमत शून्य. ते शून्य कुठल्या रकान्यात लिहायचं, ते एटीपीनं ठरवावं.

आता आमच्याकडचं सांगतो. आमच्या सोसायटीत एक टेनिस कोर्ट आहे. बंगले बांधले तेव्हा माहितीपत्रकात छापलं होतं म्हणून ते बांधावं लागलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यावर शेवाळ खेळतं. ऑक्टोबरात दोन माणसं तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आठवडाभर घासतात, तेव्हा खालचा हिरवा रंग दिसायला लागतो. तो रंग की शेवाळाचाच मुरलेला थर, याबद्दल कमिटीत दोन गट आहेत. जानेवारीत स्पर्धा होते. खुला गट, पन्नाशीपुढचा गट आणि मिश्र दुहेरी. गेल्या खेपेस खुल्या गटात चार नावं आली. त्यातले दोघं भाऊ. एक भाऊ मुंबईहून निघाला आणि घाटात अडकला, म्हणून दुसरा न खेळताच अंतिम फेरीत. तिथे समोरच्याच्या पायात गोळा आला. तर आमचे खुल्या गटाचे विजेते एकूण दीड सेट खेळून विजेते झाले. उलट पन्नाशीपुढच्या गटात अकरा जण. रक्तदाब, गुडघे आणि जुने हिशेब घेऊन उतरलेले. तिथला विजेता चार सामने खेळला, त्यातला एक दोन दिवस चालला.

मग प्रश्न आला क्लबहाउसच्या काचेच्या कपाटाचा. वरच्या फळीवर कोणाचा चषक? खुल्या गटाचे विजेते म्हणाले, खुला गट म्हणजे सर्वोच्च, जगभर तोच नियम आहे. पन्नाशीवाले म्हणाले, आम्ही चार सामने जिंकलोय, तुम्ही पेट्रोल वाचवलंय. मिश्र दुहेरीच्या विजेत्या काकूंनी विचारलं की गर्दी कोणाच्या सामन्याला होती तेही एकदा बोला. कमिटीची बैठक पावणेदोन तास चालली आणि सर्वानुमते ठराव झाला की चषक उंचीप्रमाणे लावावेत. मिश्र दुहेरीचा चषक सर्वांत उंच निघाला, कारण दुकानदारानं तो दोघांत एक म्हणून मोठा दिला होता. आता वरच्या फळीवर तो आहे. खुल्या गटाचे विजेते क्लबहाउसच्या मागच्या दारानं ये-जा करतात.

आमचं हसू येत असेल तर मेलबर्नचं बघा. आज ऑस्ट्रेलियन ओपन चार ग्रँड स्लॅमपैकी एक, २००० गुणांची, नाव घेताना आवाज खाली येतो. पण सत्तरच्या दशकात तिकडे जायला कोणी तयार नव्हतं. प्रवास लांब, बक्षीस कमी आणि काही वर्षं तर स्पर्धा ऐन नाताळच्या दिवसांत. ब्यॉन बोर्ग आयुष्यात एकदाच खेळला, १९७४ ला. १९७६ मध्ये ती जिंकली मार्क एडमंडसननं, क्रमवारीत २१२ वा. काही आठवड्यांपूर्वी तो इस्पितळात फरशा पुसण्याचं काम करत होता. अंतिम सामन्यात त्यानं साक्षात जॉन न्यूकोंबला हरवलं. १९८८ मध्ये नवं स्टेडियम बांधलं, गवत काढलं, पैसा वाढला, मोठे खेळाडू यायला लागले आणि जुन्या विजेत्यांच्या चषकाचा भावही मागाहून वर गेला. एडमंडसन घरी बसल्या बसल्या श्रीमंत झाला, मानानं. तुंगार्लीत ज्यांनी रस्ता नसताना प्लॉट घेऊन ठेवले त्यांना हे लगेच कळेल.

म्हणजे छापील आकडा हा फक्त सरकारी रेडी रेकनरचा दर. खरा भाव कोण आलं होतं, कोणाला हरवलं आणि किती जणांना ते आठवतं, यावर. एटीपी फायनल्सचंच बघा ना. आठच खेळाडू बोलावतात, आठही जगातले सर्वोत्तम, तरी रस्त्यावरच्या माणसाला तिचं वजन कळत नाही. कारण तिथे साखळी सामन्यात हरूनही चषक नेता येतो. २०२३ ला तुरीनमध्ये जोकोविच साखळीत सिनरकडून हरला आणि अंतिम फेरीत त्यालाच हरवून विजेता झाला. आखाड्यात पाठ लागली की घरी जायचं, एवढंच माहीत असलेल्या लोकांना हे कसं पटावं?

विम्बल्डनबद्दल मात्र वाद नाही. तिथे आकडे नसते तरी चाललं असतं. पुरुषांच्या सोनेरी चषकावर वर टोकाला छोटं अननस आहे. का आहे, याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. खरा चषक क्लबकडेच राहतो, विजेत्याच्या हाती प्रतिकृती पडते. मला हे शहाणपणाचं वाटतं. तुंगार्लीत कोणी तो खिडकीत ठेवला असता तर पहिल्याच सकाळी माकडांनी अननस तपासून पाहिलं असतं. आमच्याकडची माकडं मान-अपमान मानत नाहीत, फळ मानतात.

२०२३ नंतर अडीचशेवाली स्पर्धा पुण्यातून गेली. कॅलेंडरवर तिच्या जागी हाँगकाँग आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीला झाली ती चॅलेंजर १००. आमच्या चढावरच्या मंडळींनी नाकं मुरडली. "अडीचशेवरून शंभरावर आलो," काका म्हणाले, जणू त्यांचीच पदावनती झाली. कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. त्या आठवड्यात लोणावळ्यात लग्न होतं, असं सांगितलं तरी खरं कारण शंभर हेच. ती स्पर्धा मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोनं अंतिम सामन्यात ॲडम वॉल्टनला तीन सेटमध्ये हरवून जिंकली. शे-दोनशे प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी गेले असतील. (मोनॅकोचं टेनिसही मजेदार आहे. माँटे कार्लोचा मास्टर्स जिथे होतो तो क्लब हद्दीपलीकडे फ्रान्समध्ये येतो. पत्ता मोनॅकोचा, सातबारा फ्रान्सचा.)

ऑक्टोबर २०२५. शांघाय मास्टर्स, १००० गुणांची. व्हाशरो क्रमवारीत २०४ वा, पात्रता फेरीतून आत आलेला. उपांत्य फेरीत त्यानं जोकोविचला हरवलं. अंतिम फेरीत समोर त्याच्याच नात्यातला भाऊ, आर्थर रिंडरनेश. पहिला सेट भावानं घेतला, पुढचे दोन यानं. मास्टर्स १००० जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू याआधी झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी धरणाच्या चढावर काका हातात पेपर घेऊनच आले. "हा आपल्या बालेवाडीचा! आपल्याकडे तयार झालेला!" त्या आठवड्यात बालेवाडीला आपण प्रत्यक्ष हजर होतो, असं चढावरच्या बऱ्याच जणांना आठवायला लागलं आहे. ज्यांना आठवत नाही त्यांची संख्या दर आठवड्याला कमी होते आहे.

तेव्हा वाचकहो, बालेवाडीला पुन्हा चॅलेंजर लागली, तर नावापुढचा आकडा न बघता जा. लोणावळ्याहून पुण्याची लोकल आहे, पुढे रिक्षा मिळते. मागच्या कोर्टावर जा, तिथे खेळाडूचा श्वासही ऐकू येतो. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, फेब्रुवारीतही दुपारचं ऊन लागतं. आणि तिकिटाचा अर्धा तुकडा जपून ठेवा. पुढे कोणी मोठा झालाच, तर तुंगार्लीत पुरावा मागतात.